कोपरेसाहेबांचा गोल तलाव

कोपरेसाहेबांचं आडनाव कोपरे नाही. ते त्यांना भूमापन कार्यालयाच्या नकाशा विभागानं बहाल केलं आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं. नकाशा पुढ्यात आला की बाकीचे लोक मधे बघतात. हे आधी चारही कोपरे बघतात. उत्तर दिशेचा बाण आहे का, प्रमाण लिहिलंय का, सही चौकटीच्या आत आहे की तिनं बाहेर पाय काढलाय. "मधलं काय, कुणीही काढतं हो. माणूस कळतो तो कोपऱ्यात," असं ते नव्या लोकांना सांगतात. घरीही तीच तऱ्हा. पलंगावरच्या चादरीचे कोपरे समान लोंबले नाहीत तर त्यांना झोप लागत नाही. त्यांच्या पत्नीनं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात चादर घालायचं काम त्यांच्याकडे सोपवलं, ते आजतागायत परत मागितलेलं नाही.

अशा माणसाला फोटोग्राफीचा नाद लागला तर तो निसर्गदृश्यांचाच लागणार. माणसं हलतात, डोळे मिटतात, "पुन्हा काढा" म्हणतात. डोंगराची असली काही कटकट नसते. साहेब सहा वर्षं एकच कॅमेरा आणि एकच लेन्स घेऊन रविवारी बाहेर पडत होते आणि सुखी होते. त्या सुखाला दृष्ट लागली ती कार्यालयाच्या कॅलेंडरमुळे.

गेल्या वर्षी त्या कॅलेंडरच्या मे महिन्यावर साहेबांचा फोटो आला. फोटोखाली नाव छापायचं हेही ठरलं होतं. पण खाली तारखा होत्या, म्हणून छपाईवाल्यानं नाव वर ढकललं, आणि पानं धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी नेमकी त्या नावावर ठोकली. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या चौकटीत बसवणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाव पत्र्याखाली! पाहुणा आला की साहेब स्क्रूड्रायव्हर घेऊन पट्टी उचकटायचे आणि म्हणायचे, "या इथून वाकून बघा, शेवटचं अक्षर दिसतंय." पाहुणे वाकून बघत आणि सभ्यपणे "हो हो, दिसतंय की" म्हणत. साहेबांच्या आईनं मात्र साफ सांगितलं, "मला नाही दिसत बाबा. उगाच कशाला खोटं बोलू?" सासुरवाडीच्या कॅलेंडरची पट्टी तर अख्खीच निघून आली आणि बारा महिने घरभर झाले.

यंदा मात्र दिनदर्शिका समितीचं परिपत्रक आलं आणि साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. यंदा बारा फोटो नाहीत, एकच. चांगला हातभर मोठा, वर्षभर सगळ्या कार्यालयांच्या भिंतींवर राहणारा. अटी दोन. फोटो फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यानं काढलेला असावा, कारण एवढा मोठा छापायचा म्हणजे तपशील हवेत. आणि 'छायाचित्राच्या कडा कापलेल्या आढळल्यास प्रवेशिका बाद समजण्यात येईल.' मुदत तीन आठवडे. विषय, जवळचा तलाव. तो तलाव तर साहेबांचा हातखंडा होता. आता नाव पट्टीवर चढूनच बसणार, असं त्यांना वाटलं, आणि त्याच शनिवारी त्यांनी फुल फ्रेम कॅमेरा घरी आणला.

खोकं उघडलं तेव्हा सगळं घर भोवती जमलं होतं. आई, पत्नी आणि खास बोलावलेला मेहुणा. साहेबांनी कॅमेरा दोन्ही हातांनी बाहेर काढला. आईनं तो नीट न्याहाळला. जिथे लेन्स असायची तिथे नुसतं भोक होतं.

"अरे, एवढा मोठा आणलास आणि याला डोळाच नाही?"

"आई, लेन्स वेगळी घेतात. आपल्याकडे जुनी आहे ना, ती लावायची."

जुनी लेन्स टक् करून बसली. साहेबांनी खिडकीतून समोरच्या इमारतीचा पहिला फोटो काढला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. फोटो गोल आला होता. मधे इमारत, आणि चारही कोपऱ्यांत काळाकुट्ट अंधार.

"भाऊजी, ती लेन्स लहान सेन्सरची आहे," मेहुणा म्हणाला. त्याला प्रत्येक विषयातलं थोडं कळतं आणि त्या थोड्यावर तो पुष्कळ बोलतो. "सिंगल बेडची चादर डबल बेडवर घातल्यासारखं झालं. कोपरे उघडे पडणारच."

चादरीचं उदाहरण साहेबांना फार लागलं. पत्नी हसली, पण लगेच गंभीरही झाली. "घ्या एक लेन्स. पण एकच. माझ्या कपाटातला एक कप्पा देते, त्यात जेवढी मावेल तेवढी. नीट विचार करा, नंतर बदलाबदली नाही."

एकच! साहेबांचं रक्त सळसळलं. लग्नसुद्धा त्यांनी एवढ्या उत्साहानं ठरवलं नव्हतं.

पण लेन्स घ्यायचीय ही गोष्ट इमारतीत फुटली आणि सल्ल्यांना ऊत आला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यातच भेटले. "लांबची घ्या, दोनशे मिलिमीटरची. दूरचं जवळ दिसत नसेल तर कॅमेरा हवा कशाला? जवळचं तर मला चष्म्यातून दिसतं." तळमजल्याच्या दंतवैद्यबाईंनी साहेबांना खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, आणि ते बोलू शकत नाहीत याची खात्री करून अर्धा तास अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सचं माहात्म्य सांगितलं. शिवाय एक दाढ किडल्याचंही सांगितलं. कोपऱ्यावरचा लग्नाचे फोटो काढणारा म्हणाला, "साहेब, मागचं सगळं धूसर करणारी घ्या. पब्लिकला धूसर फार आवडतं." साहेबांनी विचारलं, "तलावाच्या मागे डोंगर आहे, तो धूसर करू?" त्यावर तो म्हणाला, "मग पुढे कुणाला तरी उभं करा." मेहुण्याचा तर पक्का निकाल होता. निसर्ग म्हणजे रुंद. चौदाची लेन्स. "आभाळ, तलाव, डोंगर, सगळं एका दमात, भाऊजी!"

चार दिवसांत साहेबांना चार लेन्सा पटल्या. पाचव्या दिवशी ते भानावर आले. आपण सरकारी माणूस आहोत, आपण ऐकीव माहितीवर कधीपासून चालायला लागलो? मोजणी करायची! प्रत्येक फोटोच्या पोटात तो किती मिलिमीटरवर काढला हे नोंदलेलं असतं. साहेबांनी संगणकासमोर बैठक मारली, शेजारी नवीन रजिस्टर ठेवलं, त्यावर चार रंगांत रकाने आखले आणि सहा वर्षांचे तीन हजार दोनशे चौदा फोटो एकेक करून नोंदवायला घेतले. जेवण ताटात थंड होऊ लागलं. आई म्हणाली, "याला परीक्षेत एवढा अभ्यास करताना बघितला असता तर मी धन्य झाले असते."

आणि गुरुवारी संध्याकाळी निकाल लागला. साहेब रजिस्टर छातीशी धरून स्वयंपाकघरात आले. मेहुणा तिथे चहा पीत होता, पत्नी कणसाचे दाणे सोडवत होती.

"चोवीस!" साहेबांचा आवाज चढला होता. "पहिले चाळीस फोटो सोडले तर सगळेच्या सगळे चोवीस मिलिमीटरवर! लेन्स अठरा ते पंचावन्नची, पण मी ना इकडे गेलो ना तिकडे. नकळत! याला म्हणतात दृष्टी. कलावंताची नजर उपजतच ठरलेली असते. फुल फ्रेमवर त्याचे होतात दीडपट, छत्तीस. बाजारात त्याच्या सगळ्यात जवळची मिळते पस्तीसची. म्हणजे मला हवी पस्तीसची लेन्स. विषय संपला!"

मेहुणा चहा विसरून उठला. "भाऊजी, मानलं! सहा वर्षं एकाच आकड्यावर? ही तर साधना झाली!"

साहेबांनी मान नम्रपणे झुकवली. ते आणखी बरंच बोलले. झूमची रिंग फिरवणं हा आळस आहे, फोटोग्राफरनं आपल्या पायांनी मागेपुढे व्हावं, आपण असं मागे होता होता दोनदा चरात पडलो तरी मार्ग सोडला नाही, वगैरे. पत्नी दाणे सोडवत ऐकत होती. अखेर तिला राहवलं नाही.

"अहो, त्या लेन्सवर तो काळा रबर आहे ना?"

"ग्रिप म्हणतात त्याला. पकड नीट बसावी म्हणून कंपनीच देते."

"कंपनी नाही, मी दिलाय. घेतल्यावर पहिल्याच सहलीत ती लेन्स गळ्यात लटकली की सैल मोज्यासारखी खाली घसरायची. तुम्ही झाडाखाली पेंगत होतात, तेव्हा मी बरणीच्या झाकणाचा रबर तिच्यावर घट्ट चढवला. त्यानंतर ती हललीच नाही."

मेहुण्यानं चहाच्या कपात तोंड घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. साहेबांनी लेन्स आणली, रिंग फिरवून बघितली. तसूभरही हलली नाही. सहा वर्षं ज्याला ते आपली दृष्टी समजत होते तो बरणीचा रबर होता. रजिस्टर नेऊन त्यांनी रद्दीत ठेवलं, पण ठेवतानाही कोपरे जुळवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पस्तीसचं नाव टाकलं. "रबराच्या सांगण्यावरून मी लेन्स घेणार नाही," ते म्हणाले आणि दुकानात जाऊन चौदाची आणि दोनशेची अशा दोन लेन्सा रविवारपुरत्या भाड्यानं ठरवल्या. प्रत्यक्ष तलावावर कस लागेल, जी जिंकेल ती कप्प्यात. दुकानदारानं फॉर्म दिला. त्यावर अर्जदाराचा फोटो हवा होता. तीन हजार दोनशे चौदा फोटोंत साहेबांचा स्वतःचा एकही नव्हता. कोपऱ्यावरच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडून त्यांना तो काढून घ्यावा लागला आणि त्यानं मागचं सगळं धूसर करून दिलं.

तोवर तलावाच्या रखवालदारानं नवीनच पाचर मारून ठेवली होती. साहेब जागा हेरायला गेले असताना ट्रायपॉड बघून तो म्हणाला, "हातात धरला तर हौस. स्टँडवर ठेवला तर शूटिंग. शूटिंगला परवानगी लागते."

परवानगी देणाऱ्या कार्यालयानं सांगितलं, अर्जासोबत जागेचा नकाशा जोडा, उभं राहायची जागा त्यावर लाल ठिपक्यानं दाखवा, आणि नकाशा भूमापन कार्यालयाकडून तपासून आणा. भूमापन कार्यालयात असे नकाशे तपासतात कोपरेसाहेब. साहेबांनी घरी नकाशा काढला, कार्यालयात जाऊन आवक खिडकीवर दिला, जागेवर येऊन बसले आणि दुपारी तो त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी चारही कोपरे बघितले. उत्तर दिशेचा बाण नव्हता. घाईत राहून गेला होता. शेजारच्या टेबलावरची लेखनिक बाई म्हणाली, "अहो साहेब, तुमचाच आहे, आत्ता काढा की बाण."

"माझा आहे म्हणून काय झालं?" साहेबांनी कडक शेरा मारला, 'दिशादर्शक नाही, सबब परत,' आणि नकाशा टपालानं आपल्याच पत्त्यावर रवाना केला. तो यायला तीन दिवस लागले, मग बाण काढून तो पुन्हा आवक खिडकीवर द्यावा लागला. त्यात एक रविवार हातचा गेला. आता मुदतीच्या आतला एकच रविवार उरला होता आणि घरात साहेबांशी कुणी धड बोलत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी साहेब, पत्नी आणि मेहुणा तलावावरच्या टेकडीवर पोचले. आभाळ ढगांनी भरलेलं, मधूनच एखादी फट पडत होती. रखवालदारानं परवानगीचा कागद उलटसुलट बघितला, नकाशा बघितला आणि काठीनं दाखवलं, "लाल ठिपका तिथे येतो. स्टँड तिथेच."

ठिपका काटेरी झुडपात येत होता. नकाशा अचूक होता, फक्त त्यात झुडूप दाखवलं नव्हतं.

"जरा इकडे, चार पावलं?" साहेबांनी विचारलं.

"सही कुणाची आहे नकाशावर?"

सही साहेबांचीच होती. ते मुकाट्यानं झुडपात शिरले. पहिल्यांदा चौदाची लेन्स लावली. मेहुण्याची शिफारस खरी ठरली, सगळं एका दमात आलं. आभाळ, तलाव, डोंगर, झुडूप, ट्रायपॉडचा एक पाय आणि साहेबांचे दोन्ही बूट. डोंगर मात्र इतका बारीक झाला होता की तो शोधावा लागत होता. मेहुणा म्हणाला, "पुढच्या काचेवर थोडं धुकं असेल," आणि त्या फुगीर काचेवर त्यानं अंगठा फिरवला. त्यानंतर खरोखरच धुकं आलं. मग दोनशेची. तिच्यातून पलीकडच्या काठावर दात घासणारा एक माणूस इतका स्पष्ट दिसला की दंतवैद्यबाईंना दाखवावा. पण तलाव त्यात फक्त बादलीभर मावत होता, आणि वाऱ्यानं तेवढाही हलत होता. साहेबांनी ती लेन्स काढली आणि आता काय लावावं या विचारात ते काट्यांत उभे राहिले. कॅमेऱ्याला पुन्हा डोळा नव्हता.

आणि नेमकी तेव्हाच ढगांत फट पडली. उन्हाचा एक झोत तलावाच्या बरोबर मधे उतरला, पाणी उजळलं आणि त्या उजेडात एक होडी संथ निघाली. साहेबांच्या तोंडून नुसता "अगं!" एवढाच शब्द फुटला. पंचवीस वर्षं वाट बघावी असा उजेड आणि हातात नुसतं भोक!

पत्नीनं पर्समधून मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जुनी लेन्स. "घरी एकटी ठेवायला बरं वाटेना, म्हणून आणली. लावा ही."

"गोल येईल गं!"

"येऊ दे. काढाल तर खरं!"

साहेबांनी लेन्स लावली, कॅमेरा स्टँडवरून उपटला आणि ते काट्यांतून बाहेर पडले. रखवालदार पुढे आला, त्यानं बघितलं आणि काठी खाली केली. "हातात घेतला? मग हौस. फिरा कुठेही."

साहेब फिरले नाहीत. कॅमेरा डोळ्याला लागताच त्यांचे पाय आपोआप मागे सरकले. एक, दोन, तीन, चार. तिथे थांबले. होडी, झोत, डोंगर, सगळं आपापल्या जागी येऊन बसलं होतं. त्यांनी एकच फोटो काढला. मग फट मिटली आणि तलाव पुन्हा राखाडी झाला.

फोटो गोलच आला होता. साहेब दगडावर बसले. मोजे काट्यांनी फाटले होते, हातावर ओरखडे होते. "मधलं सोन्यासारखं आलंय," ते म्हणाले, "आणि कोपरे गेले. माझेच! कापावेत तर प्रवेशिका बाद. आणि गंमत बघ, त्या रबरानं जिथे उभं केलं असतं तिथेच जाऊन उभा राहिलो मी."

"रबर मी लावला, कबूल," पत्नी शेजारी बसत म्हणाली. "पण सहा वर्षं मागेपुढे पावलं कुणी टाकली? चरात कोण पडलं? मी तर नाही पडले. सवय म्हणा, नजर म्हणा, आता ती तुमचीच आहे. घ्या तुमची पस्तीसची आणि मोकळे व्हा."

साहेबांना एकदम भरून आलं. मेहुणा समोर होता म्हणून त्यांनी लेन्सची काच पुसायला घेतली.

सोमवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी तो गोल फोटो दिला. देण्यासारखा दुसरा नव्हताच. फॉर्मवर 'छायाचित्राचे वैशिष्ट्य' असा रकाना होता. साहेबांना खोटं लिहिता येत नाही. त्यांनी लिहिलं, 'चारही कोपरे काळे आहेत.' आणि आशा सोडून ते दाढ भरून घ्यायला गेले.

वर्षअखेरीस कॅलेंडरं वाटायचा दिवस आला. साहेबांच्या खिशात सवयीनं स्क्रूड्रायव्हर होता. समितीच्या सचिव बाईंनी गुंडाळी त्यांच्या हातात दिली. "छपाईवाला तुमच्यावर जाम खूष आहे," त्या म्हणाल्या. "म्हणाला, दर वर्षी फोटो कडेपर्यंत भरलेले असतात, नाव-गाव लिहायला जागाच नसते. हा पहिला माणूस, ज्यानं आधीच सोय करून दिली."

साहेबांनी तिथेच गुंडाळी उलगडली. हातभर काळ्या पानावर मधे गोल तलाव उजळला होता, त्यात ती होडी. वरच्या दोन कोपऱ्यांत कार्यालयाचं चिन्ह आणि वर्ष. खाली डावीकडे पत्ता. आणि खाली उजवीकडे, पत्र्याच्या पट्टीपासून हातभर लांब, काळ्यावर ठळक पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव. आडनावासकट, खरं आडनाव. शेजारच्या लेखनिक बाईनं ते वाचलं आणि विचारलं, "हे कोण हो?"

घरी आल्यावर आईनं चष्मा न लावता लांबूनच ते वाचून दाखवलं, दोनदा. पत्नीच्या कपाटातल्या कप्प्यात पस्तीसची लेन्स केव्हाच येऊन बसली होती आणि तिच्याशेजारी, मोज्यात गुंडाळून, जुनी. साहेबांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, त्यानं भिंतीत हूक पिळून बसवला आणि कॅलेंडर टांगलं. मग ते चार पावलं मागे सरकले आणि नेहमीसारखे चारही कोपरे तपासू लागले. चौथ्या कोपऱ्याला जरा जास्तच वेळ लागला.